सावकाश चालणारी प्रत

माझी बायको बेरिल गेल्यानंतर माझ्या मुलीचं आणि माझं फोनवरचं बोलणं म्हणजे निव्वळ हजेरी होती. टॅमसिन डार्विनला, मी इथे वॉलरूला, मधे अख्खा देश आडवा पडलेला. ती विचारायची, जेवलास का? मी म्हणायचो, जेवलो. मग मी विचारायचो, गरम होतंय का तिकडे? डार्विनला गरम नाही होणार तर काय बर्फ पडणार? पण विचारायचो. मग दोघंही फोन ठेवायचो. बेरिल होती तेव्हा फोन तिच्या हातात असायचा आणि मी मागून ओरडायचो, तिला म्हणावं गाडीच्या टायरमधली हवा बघ. तेवढ्यावर माझं बापपण निभावून जायचं. आता फोन माझ्याच हातात आणि टायर सोडून बोलायला काही नाही.

टॅमलाही ते कळत असणार. ती माझ्यासारखीच आहे, घुमी. एका ख्रिसमसला ती आली ती एक लॅपटॉप आणि दोन कंट्रोलर घेऊनच. म्हणाली, ‘बाबा, गुहा आठवते?’

न आठवायला काय झालं. ती शाळेत होती तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीला जोडलेला एक कन्सोल होता आणि त्यावर आम्ही एकच खेळ खेळायचो. दोन खाणकामगार, एक लाल टोपीवाला, एक निळ्या टोपीवाला. अंधाऱ्या गुहा, वटवाघळं, दोर, शिड्या. लाल मी, निळी ती. प्रत्येक गुहेच्या शेवटी एक दार असायचं आणि दोघं जवळ येऊन उभे राहिल्याशिवाय ते उघडत नसे. माझा आजोबा शेजारच्या मूंटाच्या तांब्याच्या खाणीत आयुष्य घालवून बसला होता. त्याने पाहिलं असतं तर म्हणाला असता, डेन्झिल, ज्यातून सोडवून तुला वर उजेडात आणलं तेच तू करमणूक म्हणून करतोस का? कन्सोलने बेरिल असतानाच मान टाकली होती. कॅसेट मात्र अजून कपाटात होती, कशाला ठेवली होती कोण जाणे.

टॅमने सांगितलं की हा एक प्रोग्राम आहे, इम्युलेटर म्हणतात त्याला, तो कॉम्प्युटरच्या आत बसून जुन्या कन्सोलचं सोंग घेतो. सोंग इतकं हुबेहूब की खेळाला वाटतं आपण आपल्या जुन्या घरातच आहोत. आणि मुख्य म्हणजे तिचा डार्विनमधला कॉम्प्युटर माझ्याशी जोडता येतो. मी विचारलं, म्हणजे तुझ्याकडचं चित्र मला दिसणार? ती म्हणाली, नाही, चित्र नाही जात. खेळ तुझ्याकडे वेगळा चालतो, माझ्याकडे वेगळा चालतो. जातात ती फक्त बटणं. तू उडी मारलीस की माझ्याकडचा लाल टोपीवाला उडी मारतो. दोन्हीकडे सगळं सारखं घडतं, म्हणून एकच खेळ आहे असं वाटतं. मी मान डोलावली. तिने ते वाक्य पुन्हा एकदा सांगितलं, म्हणजे माझी मान तिला पटली नसावी.

त्यानंतरचे रविवार मला विचाराल तर बेरिल गेल्यानंतरचे माझे सगळ्यात चांगले दिवस होते. दुपारी जेवण झालं की मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो आणि निळी टोपी पडद्यावर आली की जिवात जीव यायचा. बोलायची गरजच नव्हती. ती माझ्या डोक्यावर पाय देऊन वरच्या कड्यावर चढायची आणि मग माझ्यासाठी दोर खाली सोडायची. मी वटवाघळांना थोपवून धरायचो, ती शिडी आणायची. दार उघडलं की दोघं जागच्या जागी दोन-तीन उड्या मारायचे. तो नियम तिने लहानपणी केला होता, खेळात त्याचा काही उपयोग नव्हता. संपल्यावर तिचा निरोप यायचा, ‘मस्त. पुढच्या रविवारी.’ तेवढं वाचून मी जेट्टीवर फिरायला जायचो आणि भेटेल त्याच्याशी नीट बोलायचो.

एक गोष्ट मात्र खटकायची. गुहेची धून. बेरिलला खेळातलं ओ की ठो कळत नसे, पण पहिल्या गुहेची धून ती भांडी घासताना गुणगुणायची, अगदी संथ, प्रत्येक सुरावर जरा रेलून. कॉम्प्युटरवर तीच धून मागे कुत्रं लागल्यासारखी पळायची. मला वाटलं माझेच कान गेले. मग मी शोध घेतला. आमच्यासारखी जुन्या खेळांची वेडी माणसं इंटरनेटवर बक्कळ आहेत, बॅलरॅटचा एक जण तर दिवसभर तेच करतो. त्याने सांगितलं की अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचे आणि आपले पन्नास, म्हणून आपल्याकडे सगळे खेळ रेंगाळत चालायचे आणि संगीतही. तुझ्या मुलीने तुला अमेरिकेतली प्रत दिली आहे. आपली ऑस्ट्रेलियातली प्रत वेगळी असते, हवी तर घे. कॅसेट घरात असल्याने मला चोरी केल्यासारखंही वाटलं नाही.

मी ती घेतली, जुनीच्या जागी ठेवली आणि सुरू केली. धून चालायला लागली. पळायला नाही, चालायला. मी एकही बटण न दाबता ऐकत बसलो. लाल टोपीवाला गुहेच्या तोंडाशी कंदील हलवत उभा आणि सिंककडे माझी पाठ. मागे वळून पाहायचं नाही असं मी ठरवलं आणि बराच वेळ पाहिलं नाही.

टॅमला हे सांगितलं नाही. काय सांगणार? तुझी आई गुणगुणायची तसं वाजावं म्हणून बदललं, हे वाक्य फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. रविवारी जोडणी करताना पडद्यावर एक चौकट आली, तिच्यात काहीबाही लिहिलेलं आणि खाली ‘हो’ नि ‘नाही’. मी ‘हो’ दाबलं. असल्या चौकटी मी जन्मात वाचलेल्या नाहीत आणि ज्याने वाचल्या आहेत असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तेव्हापासून टॅम वाईट खेळायला लागली. सुरुवात ठीक व्हायची, पण थोडं पुढे गेलं की निळी टोपी खडकावर डोकं आपटत उभी. मी दाराशी पोहोचून वाट बघतोय आणि ही खाली भिंतीला धडका देतेय. कधी पाण्यात उडी मारायची, कधी जिथे वटवाघूळ नाही तिथे हवेत काठी फिरवायची. मला वाटलं दमली असेल. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही एका हाताने खेळतेय आणि दुसऱ्या हाताने फोनवर कुणाशी तरी बोलतेय, हे उघड होतं. म्हाताऱ्याला रविवारचा तासभर टाकायचा, झालं. भीक घालावी तसा. मी दाराशी उभा राहून मुद्दाम एकही बटण दाबायचो नाही. म्हटलं, ये तुला यायचं तेव्हा.

तिचे निरोपही बदलले. ‘मस्त’ गेलं आणि ‘बाबा, बरा आहेस ना?’ आलं. मी लिहिलं, मी ठणठणीत आहे, तू नीट खेळ. उत्तराऐवजी जवळच्या कडिना गावच्या दवाखान्यातून फोन आला की तुमच्या मुलीने तुमच्यासाठी वेळ घेऊन ठेवली आहे. तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी मला आजचा वार विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काही शब्द सांगून ते उलटे म्हणायला लावले. मी सगळं केलं, घड्याळात तर सेकंदकाटाही घातला. त्या म्हणाल्या, छान, पण सुरुवातीला अशा गोष्टी चाचणीत दिसतातच असं नाही. कसल्या गोष्टी? मी रागाने विचारलं तर म्हणाल्या, मुलीशी बोला.

मी बोललो नाही. तीच म्हणाली, शुक्रवारी येतेय, सुट्टी घेतली आहे, तुला एकदा बघायचंय.

ती आली. मी बागेत होतो. रात्रीच्या जेवणाला तिने पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या भल्यामोठ्या करंज्या, आणल्या होत्या, मूंटाच्या त्या बेकरीतल्या, ज्यांत सलगमही घालतात, आणि मी खाऊ लागलो तेव्हा तिने माझ्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. ती डार्विनच्या बंदरात टगवर आहे. टग म्हणजे मोठमोठ्या जहाजांना ढकलून, ओढून धक्क्याला लावणारी बुटकी बोट. अंगात मात्र हत्तीचं बळ. पोरीने दोर गुंडाळण्यापासून सुरुवात केली होती. आता तिला स्वतःची टग देऊ केली होती, कप्तान म्हणून. मंगळवारी सकाळी होकार द्यायचा होता. आणि ती नकार देणार होती. इथल्या बंदरावरच्या धान्याच्या कचेरीत टेबलावरचं काम मिळण्यासारखं होतं, ते घेणार होती आणि तिच्या जुन्या खोलीत राहायला येणार होती.

मी मोठा तमाशा केला. मला काय धाड भरलीय, म्हणालो. माझ्या नावाने नोकरी सोडशील तर घरात घेणार नाही, म्हणालो. ती शांतपणे माझ्या ताटातले पेस्टीचे तुकडे गोळा करत राहिली, आणि तिने वाद घातला नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू? आत कुठेतरी मला इतकं बरं वाटत होतं की माझी मलाच लाज वाटली. तिच्या खोलीत दिवा असणार. सकाळी किटली दोघांसाठी भरायची. मी चेहरा वाकडा ठेवला आणि मनात मांडे खाल्ले.

शनिवारी ती म्हणाली, चल, एक डाव खेळू. मला कळलं की ही माझी परीक्षा आहे. ती तिच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर घेऊन बसली, मी स्वयंपाकघरात, नेहमीसारखेच, फक्त मधे देशाऐवजी एक भिंत. थोड्या वेळाने निळी टोपी खडकाला धडका द्यायला लागली. घरात, दहा पावलांवर बसूनही हिचं लक्ष नाही. मी कंट्रोलर ठेवला, दोन कप चहा केला आणि तिला दोन शब्द सुनवायचे म्हणून तिच्या खोलीशी गेलो. दार उघडं होतं. तिची पाठ माझ्याकडे होती.

तिच्या पडद्यावर दुसरंच चाललं होतं.

माझ्याकडे आम्ही दाराशी पोहोचलो होतो, म्हणजे मी पोहोचलो होतो. तिच्याकडे लाल टोपीवाला अजून खालच्या पाण्याजवळ होता, एका कपारीत तोंड खुपसून उभा. आणि निळी टोपी त्याच्या शेजारी होती. वटवाघळं येत होती, ती काठीने एकेकाला हाकलत होती. लाल टोपीवाल्याच्या अंगावर एकही येऊ देत नव्हती. मधेच ती चार पावलं पुढे जायची, दाराच्या दिशेने, आणि तो येत नाही असं पाहून परत यायची. पुढे जायची आणि परत यायची. टॅमच्या फक्त मानेकडे बघूनही मला कळलं की ती रडतेय.

मी चहा घेऊन तसाच मागे फिरलो.

टेबलाशी बसल्यावर सगळं उलगडलं. जातात ती फक्त बटणं. दोन्हीकडे खेळ सारखा असेल तरच बटणांना अर्थ. माझी प्रत सावकाश चालणारी, तिची पळणारी. थोडं पुढे जाईपर्यंत दोघांच्या गुहा वेगळ्या झालेल्या. मी माझ्या गुहेत दाराकडे चालायचो आणि तिच्या गुहेत मी कपारीत घुसायचो. ती तिच्या गुहेत माझ्यापाशी परत यायची आणि माझ्या गुहेत भिंतीला धडका द्यायची. सगळा हिवाळा आम्ही एकेकटेच खेळत होतो. तिला वाटलं बाप भ्रमिष्ट झाला, मला वाटलं पोरगी टाळतेय. त्या चौकटीत हेच लिहिलेलं असणार.

एक वाक्य बोललो असतो तर ती मोकळी झाली असती. मंगळवारी होकार, स्वतःची टग. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग मी आजारी पडलो. म्हणजे तसं दाखवायला लागलो. संध्याकाळी दुधाची बाटली फ्रिजऐवजी कपाटात ठेवली आणि ती तिला सापडेल अशा बेताने कपाट अर्धवट उघडं टाकलं. रविवारी सकाळी गाडीच्या किल्ल्या ब्रेडच्या डब्यात घातल्या आणि घरभर शोधल्या. नट म्हणून मी अगदीच भिकार आहे, पण ज्याला आधीच खात्री पटलेली असते त्याच्यासाठी चांगला नट लागत नाही. टॅमने किल्ल्या काढून खुंटीला लावल्या, मला खुर्चीत बसवलं आणि माझी नखं कापली. शेवटचं माझा हात कुणी हातात घेतला होता त्याला किती दिवस झाले ते मी मोजत नाही. मी हात तिच्या मांडीवर सैल सोडला आणि नखं आणखी असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

दुपारी आम्ही माकूळ पकडायला जेट्टीवर गेलो. वारा उत्तरेचा, वाळवंटावरून येणारा, कोरडा आणि तापलेला. धान्य भरायला एक जहाज येत होतं आणि पिरी बंदराहून आलेली टग त्याला धक्क्याकडे लोटत होती. टॅमने गळ पाण्यात टाकला आणि विसरली. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि टगकडे बघायला लागली. तिचे हात कठड्यावर हलत होते, बारीक, एक पुढे, एक मागे, जणू तिथे टग चालवायची दांडी होती. ‘मागे घे,’ ती पुटपुटली, ‘आता, आता मागे घे, शहाण्या.’ टग जराशी उशिरा मागे आली आणि तिने दातांतून हवा सोडली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या लहानपणी गुहेचं दार उघडलं की बघायचो.

मग ती माझ्याकडे वळली आणि तो चेहरा तिने पुसून टाकला. ‘थंडी वाजतेय का, बाबा?’ तिने विचारलं. आवाज दवाखान्यातल्या बायका काढतात तसा. उत्तरेचा तापलेला वारा सुटलेला आणि मला थंडी वाजतेय का.

सोमवारी सकाळी न्याहारीनंतर मी तिचा कॉम्प्युटर तिच्या खोलीतून आणला आणि माझ्या शेजारी टेबलावर ठेवला. म्हटलं, बस, एक डाव. ती कंटाळलेली होती पण बसली. धून दोन्हीकडून सुरू झाली, तिची जरा पुढे, माझी मागे. आम्ही खेळत राहिलो. थोड्या वेळाने तिची मान माझ्या पडद्याकडे वळली, मग स्वतःच्या, मग परत माझ्या. तिने कंट्रोलर खाली ठेवला.

मी प्रत बदलल्याचं सांगितलं. का बदलली तेही सांगितलं, भांडी घासण्यासकट. समोरासमोर ते वाक्य फारसं जड गेलं नाही.

ती हसायला लागली. हसता हसता टेबलावर डोकं ठेवलं आणि खांदे गदगदायला लागले, तेव्हा ते हसणं राहिलं नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वर बघून ती म्हणाली, म्हणजे तू बरा आहेस. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरा, तू तर सगळा हिवाळा भिंतीला धडका देत होतीस. तिचा चेहरा असा खुलला की बस. मला वाटलं होतं त्या क्षणी मला वाईट वाटेल. वाटलंच. पण ते असू दे.

ती उठली, किटली भरली, आणि अर्ध्यात थांबली.

‘कधी कळलं तुला हे?’

‘शनिवारी. चहा घेऊन आलो होतो तुझ्या खोलीशी.’

‘मग दुधाची बाटली?’

‘मुद्दाम.’

‘किल्ल्या?’

‘त्याही मुद्दाम.’

‘का पण?’

‘तू राहावीस म्हणून,’ मी म्हणालो. ‘मला एकट्याला नाही गं करमत.’

ती येऊन माझ्या शेजारी बसली. रागावली नाही. ‘वेडा आहेस तू,’ म्हणाली. मी म्हटलं, आत्ताच तर सिद्ध झालं, वेडा नाही म्हणून. ती पुन्हा हसली, नाक पुसलं, आणि सहज, हिशेब पुरा करावा तसं, विचारलं:

‘आणि शुक्रवारचा गॅस?’

मी म्हटलं, कुठला गॅस?

‘मी आले तेव्हा तू बाहेर झाडांना पाणी घालत होतास. आत शेगडी पेटलेली, वर रिकामं पातेलं, बूड लालभडक. मी बंद केला, खिडक्या उघडल्या. तू आत येऊन मला विचारलंस, कसला वास येतोय.’ ती माझ्याकडे बघत होती. ‘बाबा, खेळ काय, खेळ आहे. मी फक्त बघायला आले होते. राहायचं ठरवलं ते त्या पातेल्यावरून.’

मी शुक्रवार आठवून पाहिला. बाग होती. पाण्याची नळी होती. तिची भाड्याची गाडी वळताना दिसली होती. पेस्टी होती. बागेच्या आधी शेगडी कुठेच नव्हती.

ती उत्तराची वाट बघत होती. चेहऱ्यावरचा उजेड अजून पुरता गेला नव्हता, पण जायच्या बेतात होता. तिचे हात टेबलावर होते, आणि मला ते कठड्यावरचे हात आठवले.

‘तोही मुद्दाम,’ मी म्हणालो.

‘तुला तर शनिवारी कळलं.’

‘गुरुवारीच कळलं होतं. ती चौकट वाचली मी, एकदाची. म्हटलं, तू येतेच आहेस, तर बघू लागू पडतं का.’

ती उठून उभी राहिली. आई गेली त्या दिवशीही तिचा चेहरा इतका बंद झाला नव्हता.

‘घर पेटलं असतं,’ ती म्हणाली.

‘मी लक्ष ठेवून होतो. खिडकीतून दिसतं बागेतून.’

‘मी माझी बोट सोडत होते, बाबा. तीन रात्री झोपले नाहीये. आणि तू खिडकीतून बघत होतास?’

‘हो.’

‘हे मात्र तू करशील असं नव्हतं वाटलं मला.’

मी टेबलावरचा कंट्रोलर उचलून बाजूला ठेवला. आणखी काही बोललो असतो तर तोंडून खरं तेच निघालं असतं.

तिला सामान भरायला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत थांबायची होती, पण ॲडलेडच्या विमानतळावर आधी पोहोचलेलं बरं, म्हणाली. ती खोलीत आवराआवर करत असताना मला तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. ती कुणाला तरी सांगत होती की उद्यापर्यंत कशाला, आत्ताच हो म्हणते. आवाज ताठ होता, कप्तानाचा. जाताना तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. दोन्हीकडे आता एकच प्रत आहे, म्हणाली, तुझीच ठेवलीय, सावकाश चालणारी. रविवारी जमेल की नाही सांगता येत नाही. मग दारात क्षणभर थांबली, मला वाटलं जवळ घेईल, पण तिने फक्त गाडीच्या किल्ल्या हातात घट्ट धरल्या आणि गेली. मी टायरकडे पाहिलं. हवा ठीक होती. तेही बोललो नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर मी आत आलो. शेगडीची बटणं एकेक हात लावून पाहिली. बंद होती. सिंकखाली, मागच्या बाजूला, पातेलं सापडलं. तिने ते घासून ठेवलं होतं, पण बुडाला काळंनिळं वर्तुळ राहिलंच होतं आणि तळ थोडा फुगला होता. ते घेऊन मी टेबलाशी बसलो. त्यात काय शिजत ठेवलं होतं? अंडी असतील. किंवा नुसतं चहाचं पाणी. पण पाणी तर मी किटलीत ठेवतो. मी डोळे मिटून सकाळपासून सुरुवात केली, उठलो, दाढी केली, वर्तमानपत्र आणलं, आणि तिथून थेट बागेत आलो. पुन्हा सकाळपासून सुरू केलं. पुन्हा बागेत.